भार पेलणारे एकपण

साध्या सुतारकामाच्या हत्यारांनी घरच्या गॅरेजमध्ये बोट बांधणे ही गोष्ट इंग्लंडमध्ये १९६३ साली सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. बोटींचा रचनाकार जॅक होल्ट आणि घरातली कामे आपल्या हातांनी कशी करावीत हे टेलिव्हिजनवर शिकवणारा बॅरी बकनेल या दोघांनी शिडाची एक छोटी बोट तयार केली. ‘डेली मिरर’ या वर्तमानपत्राने तिचा पुरस्कार केला, म्हणून तिचे नाव मिरर पडले. सुट्या भागांचा संच ६३ पौंड ११ शिलिंगांना मिळे, आणि आजवर अशा ७०,००० हून अधिक बोटी बांधल्या गेल्या आहेत. जुन्या पद्धतीत आधी कणा, मग फासळ्या, मग त्यांवर वाकवून ठोकलेल्या फळ्या असा क्रम असे आणि त्याला मुरलेला कारागीर लागे. इथे प्लायवूडचे पातळ ताव आखून कापायचे, कडेला ओळीने भोके पाडायची आणि शेजारशेजारच्या कडा तांब्याच्या तारेच्या टाक्यांनी एकमेकींना शिवायच्या. टाके आवळत गेले की सपाट ताव वाकू लागतात आणि बोटीचा आकार उभा राहतो. मग सांध्यावर काचेच्या धाग्यांची पट्टी ठेवून ती रेझिनने भिजवायची आणि रेझिन कडक झाले की बाहेर डोकावणारी तार कापून टाकायची. पुढे अमेरिकेत मिशिगनमधल्या गूजॉन बंधूंनी इपॉक्सी रेझिन लाकडी बोटींच्या कामात रुळवले आणि ही पद्धत आणखी भरवशाची झाली. आता पुष्कळ जण सांध्यांवरच न थांबता सगळ्या बोटीला आतून-बाहेरून इपॉक्सीचा हात देतात आणि बाहेरच्या अंगाला फायबरग्लासचे कापड चढवतात.

भिंतीला टेकवून ठेवलेले ताव, तारेचे वेटोळे, रेझिनचे डबे आणि कापडाची गुंडाळी हे सगळे एका बाजूला आणि पाण्यावर उभी असलेली बोट दुसऱ्या बाजूला. या दोहोंमध्ये नेमके काय नवे उत्पन्न झाले? की काहीच झाले नाही, आणि भागांच्या एका मांडणीला आपण सोयीसाठी एक नाव दिले? भारतीय दर्शनांनी हा प्रश्न हजार वर्षांहून अधिक काळ लढवला आहे. ‘मिलिंदप्रश्ना’त भिक्षू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला त्याच्याच रथाविषयी विचारतो: आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. सगळे भाग मिळून रथ होतो का, यालाही नाही. भागांखेरीज वेगळा रथ आहे का, यालाही नाही. मग रथ हे भागांच्या आधाराने चाललेले व्यवहारातले नाव ठरते, आणि नागसेन हे माणसाचे नावही तसेच ठरते. याच्या उलट टोकाला न्यायदर्शनाचे अनुयायी, नैयायिक, उभे आहेत. त्यांच्या मते अवयवांतून ‘अवयवी’ नावाचे एक नवे द्रव्य खरोखर जन्माला येते, ते अवयवांमध्ये ‘समवाय’ नावाच्या अतूट संबंधाने राहते आणि अवयवांहून भिन्न असते. प्लायवूड आणि फायबरग्लासची बोट या वादात नवा पुरावा आणते असे मला वाटते, आणि तो दोन्ही पक्षांना आपापली जागा थोडी सोडायला लावतो. बोटीचे एकपण खरे आहे, पण ते वेगळ्या द्रव्याचे एकपण नाही. ते एकत्र भार पेलण्याचे एकपण आहे.

न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात अवयवी खरा असल्याची जी कारणे दिली आहेत त्यांतले एक अत्यंत साधे आहे. वस्तूचा एक भाग धरला की सगळी वस्तू धरली जाते आणि एक भाग ओढला की सगळी ओढली जाते. वाळूच्या ढिगाचे तसे होत नाही. मूठभर उचलली तर मूठभरच येते. म्हणून ढिगाहून निराळे असे काहीतरी वस्तूमध्ये आहे. यावर भाष्यकार वात्स्यायनाने जी अडचण मांडली आहे ती वाचताना आजचा बोट बांधणारा दचकावा अशी आहे. तो म्हणतो, धरले जाणे आणि ओढले जाणे हे चिकटण्यामुळे घडते. कच्च्या मडक्यात मातीचे कण पाण्यामुळे चिकटतात, भाजलेल्या मडक्यात अग्नीमुळे. आणि गवत, दगड, लाकूड लाखेने एकमेकांना चिकटवले तर त्यांचाही गोळा एका टोकाला धरून ओढता येतो, पण म्हणून तिथे कोणते नवे द्रव्य जन्मले असे कोणी म्हणत नाही. म्हणजे सूत्रकाराचा पुरावा एकपणाचा नसून केवळ डिंकाचा आहे. ही अडचण मांडून वात्स्यायन त्या युक्तिवादाचा आग्रह धरत नाही. तो मोर्चा प्रतीतीकडे वळवतो. ‘हे एक आहे’ असे ज्ञान आपल्याला होते, त्या ज्ञानाला विषय हवा, आणि सुटे परमाणू तो विषय होऊ शकत नाहीत, असा त्याचा पुढचा पवित्रा आहे.

वात्स्यायनाने चांगला पुरावा सोडून कच्चा पुरावा हाती घेतला, असे या बोटीकडे पाहून म्हणावे लागते. डोळ्यांना दिसणाऱ्या एकपणावर विसंबता येत नाही. न्यायसूत्रांनी स्वतःच सेनेचा आणि वनाचा दाखला चर्चेला घेतला आहे: दुरून दोन्ही एकसंध दिसतात. बोटीच्या बाबतीत तर जवळूनही फसगत होते. प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे, एकाचे रेषे उभे तर पुढच्याचे आडवे, असे चिकटवून केलेला ताव. त्याच्या उघड्या कडेतून किंवा एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी आत शिरले की ते पापुद्र्यांमधून दूरवर झिरपते. बाहेर रंग तसाच चकचकीत असतो, फायबरग्लासचे कवच अभंग असते, आणि आत लाकूड कुजत असते किंवा कवच लाकडापासून सुटलेले असते. हा दोष पाहून कळत नाही. लाकडी मुठीने ठोकत गेले की सुटलेल्या जागी आवाज बद्द येतो. त्याआधी डोळा त्या बोटीला एकच म्हणत राहतो, आणि लाटेचा पहिला मोठा तडाखा बसल्यावर ती दोन असल्याचे कळते. एकपणाची साक्ष प्रतीतीने द्यायची असेल तर ही बोट कुजल्यावरही एकच होती असे म्हणावे लागेल. एकपण असते तोपर्यंत ते काहीतरी करत असते, आणि जे करत असते ते थांबल्यावर, दिसणे चालू राहिले तरी, ते संपलेले असते.

ते काय करत असते हे नीट पाहायला हवे, कारण सगळा वाद इथेच निकाली निघतो. पाच-सहा मिलिमीटर जाडीचा प्लायवूडचा लांब ताव दोन टोकांना धरून उचलला तर मध्ये झोळ पडतो. त्यात बोट म्हणवून घेण्याजोगी ताकद नाही. तोच ताव वाकवून शेजारच्या तावाला कडेने जोडला की तो ताठ होतो, कारण वाकलेल्या तावाला आता सहज आणखी वाकता येत नाही आणि त्याची कड शेजाऱ्याने धरून ठेवलेली असते. शेजाऱ्याची कडही त्यानेच धरलेली असते. बाजूचे ताव, तळ, मागची फळी, आडवी बाके, हवा कोंडून ठेवणारे कप्पे असे एकेक जुळत जाते तसतसा ताठपणा वाढत जातो, आणि हा ताठपणा आधी कोणत्याही तुकड्यात साठवलेला नव्हता. आतल्या सांध्यात लाकडाच्या बारीक भुशाने घट्ट केलेले इपॉक्सी गोलाईने भरतात, ते याचसाठी की कोपऱ्यात येणारा ताण एका रेघेवर न साठता पसरावा. फायबरग्लासचे धागे ओढ सोसतात, लाकूड दाब सोसते आणि दोन कवचांना एकमेकांपासून अंतरावर ठेवते. रेझिन एकाकडचा भार दुसऱ्याकडे पोचवते. बोटीच्या नाकाडावर लाट आदळली की तिचा धक्का मागच्या फळीपर्यंत सगळ्यांनी आपापल्या वाट्याने घेतलेला असतो. लाखेच्या गोळ्यात हे घडत नाही. तो ओढला तर येतो, पण त्यातल्या गवताला दगडामुळे बळ येत नाही, दगडाला लाकडामुळे येत नाही. वात्स्यायनाची अडचण खरी आहे ती ओढण्यापुरती. सूत्रकाराने ओढण्याऐवजी पेलण्याचा दाखला घेतला असता तर लाखेचा गोळा त्याच्या आड आला नसता.

चिकटणे आणि एक होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत याची साक्ष उलट बाजूनेही मिळते. नौदलात २०२५ साली कारवारला दाखल झालेले ‘कौंडिण्य’ हे जहाज अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून गोव्यात बांधले गेले. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत. केरळच्या कारागिरांनी त्या काथ्याच्या दोरीने शिवल्या आहेत. इथे टाके काढून टाकायचे नसतात, तेच जहाज धरून ठेवतात, आणि फळ्यांना एकमेकींपाशी किंचित हलू देतात. म्हणजे त्या जहाजाच्या फळ्यांना कठीण रेझिनने दगडासारखे बांधून टाकलेले नाही, तरीही ते एक आहे, कारण लाटेचा भार सगळ्या फळ्या मिळून घेतात. दुसरे टोक ‘म्हादेई’चे. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात लाकडाच्या पट्ट्या, फायबरग्लास आणि इपॉक्सी यांतून बांधलेल्या या शिडाच्या नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि पुढे अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता. दक्षिणेच्या महासागरातल्या लाटा ज्यावर महिनोन्‌महिने आदळल्या ते एक नाव होते, एक व्यवहार होता, असे म्हणणे मला जड जाते.

पण बौद्ध पक्षाचा आक्षेप असा भावनेने उडवून लावण्याजोगा नाही, आणि त्यातला सर्वांत धारदार आक्षेप तराजूचा आहे. अवयवांतून अवयवी नावाचे वेगळे द्रव्य जन्मत असेल तर त्याचे वेगळे वजनही हवे. सगळे सुटे भाग तोलले, मग जोडून झालेली वस्तू तोलली, तर पारडे अधिक झुकले पाहिजे. ते झुकत नाही. मिररचे नुसते अंग सुमारे ४५ किलोचे असते, आणि त्यात ताव, काच आणि रेझिन यांच्या वजनापलीकडे एक गुंजही नसते. नैयायिकांनी यावर वेगवेगळी उत्तरे दिली, अवयवीचे वजन इतके थोडे असते की ते कळत नाही इथपर्यंत. मला ही उत्तरे केविलवाणी वाटतात. इथे बौद्धांचे म्हणणे सरळ मान्य करावे: बोट हे जास्तीचे द्रव्य नाही. मात्र जे द्रव्य नाही ते नाममात्रच, हा त्यापुढचा निष्कर्ष मान्य करता येत नाही, आणि तो का करता येत नाही हे बौद्ध परंपरेतल्याच सर्वश्रेष्ठ तर्कपंडिताने सांगून ठेवले आहे. खरे काय आणि कल्पित काय हे ओळखण्याची धर्मकीर्तीची कसोटी अशी की जे काही कार्य घडवून आणू शकते ते खरे. मनातला अग्नी भाजत नाही, चुलीतला भाजतो. या कसोटीवर बोट घासून पाहावी. ती दोन माणसांना वाऱ्यावर खाडीपार नेते. तिचा एकही भाग, कितीही चांगला असला तरी, ते करू शकत नाही, आणि तेच सगळे भाग ढिगाने पाण्यात टाकले तर तेही करू शकत नाहीत. धर्मकीर्तीच्या मापाने मोजले तर बोटीचे एकपण उत्तीर्ण होते.

धर्मकीर्ती यावर गप्प बसला नसता. त्याने म्हटले असते की कार्य करतात ते भागच. विशिष्ट तऱ्हेने जवळ आले म्हणून त्यांच्यात ते सामर्थ्य आले, त्यासाठी ‘एक’ असे काही मध्ये आणायची गरज काय? हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. आजचा अभियंताही काहीसे असेच म्हणेल: लाकडाचे आणि काचेचे गुणधर्म द्या, आकार द्या, बाकी सगळे गणिताने काढून देतो. उत्तर त्या गणितातच आहे. पालखी खांद्यावर घेतलेल्या भोयांपैकी प्रत्येकाच्या वाट्याचा भार, प्रत्येकाची ताकद वेगवेगळी मोजून, साधारण सांगता येतो. एकूण काम ही बेरीज असते. बोटीच्या तळाच्या तावात किती ताण आहे हे मात्र त्या तावाकडे पाहून सांगता येत नाही. तो ताण बाजूच्या तावांच्या वळणावर, बाकांच्या जागेवर, मागची फळी किती घट्ट बसली आहे यावर अवलंबून असतो, आणि त्यांतल्या प्रत्येकाचा ताण पुन्हा तळावर. अभियंत्याला सगळ्या बोटीचे गणित एकदम मांडावे लागते. भागाभागाचे सोडवून शेवटी जोडता येत नाही. ‘विशिष्ट तऱ्हेने जवळ आलेले भाग’ या शब्दांत धर्मकीर्ती जे मान्य करतो तेच हे एकपण आहे. ते भागांच्या बाहेर कुठे राहत नाही, हे त्याचे म्हणणे बरोबर. पण ते एकेका भागातही राहत नाही, आणि म्हणूनच अवयवी प्रत्येक अवयवात पूर्ण राहतो की अंशाने राहतो, हा बौद्धांचा जुना पेच त्याला लागू पडत नाही. एकत्र पेलणे ही कुठे ठेवण्याची वस्तू नाही.

कोणी म्हणेल, बोट ही माणसाच्या हेतूमुळे बोट आहे. खाडी ओलांडायची इच्छा नसती तर ते लाकूडच. नाव आणि उपयोग हेतूवर अवलंबून आहेत यात शंका नाही. पण किनाऱ्यावर सोडून दिलेली, जिचे नावही कोणाला ठाऊक नाही अशी बोट भरतीच्या लाटेने उचलली तर ती तुकड्या-तुकड्यांनी उचलली जात नाही. लाटेला आपला हेतू माहीत नसतो.

हा वाद तर्काच्या आखाड्यापुरता असता तर त्यावर इतके शब्द खर्चण्याचे कारण नव्हते. नागसेनाला रथाचे काही पडलेले नव्हते. त्याला माणसाविषयी बोलायचे होते. देह, संवेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान या स्कंधांखेरीज ‘मी’ असे काही सापडत नाही, हे कळले की आसक्ती गळते आणि दुःख सरते, ही त्यामागची करुणा आहे, आणि तिच्याविषयी मला नितांत आदर आहे. म्हणूनच तो दाखला बरोबर आहे की नाही हे तपासणे महत्त्वाचे ठरते. सर्व संस्कार अनित्य आहेत, हे बुद्धाचे सांगणे बोटीइतके कोणाला लागू नाही: ती बांधली गेली म्हणून ती मोडणार. पण अनित्य आहे म्हणून ती नाममात्र आहे, ही उडी घेण्याची गरज नाही. आश्चर्य असे की नैयायिकांनीही अवयवीला कधी नित्य म्हटले नाही. अवयव सुटले की अवयवी नष्ट होतो हेच त्यांचे मत. जे खरे ते टिकाऊच असले पाहिजे, ही धारणा सोडली तर अनासक्तीसाठी वस्तूंना खोटे ठरवावे लागत नाही. मज्झिमनिकायातल्या अलगद्दूपम सुत्तात बुद्धाने तराफ्याचा दाखला दिला आहे. गवत, काटक्या, फांद्या, पाने गोळा करून बांधलेल्या तराफ्यावरून माणूस पैलतीराला जातो. मग तो तराफा डोक्यावर घेऊन हिंडू नये, सोडून द्यावा. धर्मही तसाच पार होण्यासाठी आहे, कवटाळण्यासाठी नाही. या दाखल्याचा सगळा भार एका गृहीतावर उभा आहे: नदीच्या मध्यावर त्या गवताकाटक्यांनी एक होऊन माणसाला पेललेले असते. जे पेलतच नाही ते सोडून देण्यात कसला विवेक?

याने आत्मा सिद्ध होतो असे मुळीच नाही. नैयायिकांचा आत्मा हा देहाचा अवयवी नव्हे, देहाहून वेगळे नित्य द्रव्य आहे, आणि बोटीवरून त्याच्याकडे जाण्याची वाट मला दिसत नाही. मिळते ते याहून लहान, पण रोजच्या जगण्यात अधिक लागणारे आहे. माणूस, कुटुंब, गाव हे भागांनी झालेले आहेत आणि भाग सुटणार आहेत, हे पूर्ण मान्य करूनही त्यांचे एकपण कल्पित मानावे लागत नाही. ते किती खरे आहे हे दिसण्यावरून ठरत नाही; एका ठिकाणी पडलेला भार बाकीच्यांपर्यंत पोचतो की नाही यावरून ठरते. आणि ते आपोआप टिकत नाही. बोट बांधणारे हे नेमके जाणतात. प्लायवूडमध्ये स्क्रू घालायचा तर ते आधी मोठे भोक पाडतात, ते इपॉक्सीने भरतात आणि कडक झालेल्या इपॉक्सीत लहान भोक पाडून स्क्रू बसवतात, म्हणजे पाण्याला लाकडाची वाट मिळत नाही. एवढ्याशा भोकाचा एवढा व्याप त्यांना जास्त वाटत नाही, कारण एकपण कुठून सुटायला लागते हे त्यांना माहीत असते.

शेवटी दुरुस्तीचा प्रश्न उरतो, आणि तिथे न्यायमतापासूनही दूर जावे लागते. अथेन्सच्या लोकांनी थीसियसचे जहाज जपून ठेवले, कुजेल ती फळी बदलली, आणि ते तेच जहाज की दुसरे यावर तत्त्वज्ञ भांडत राहिले, असे प्लुटार्कने लिहून ठेवले आहे. नैयायिकांचे उत्तर कडक आहे: एक अवयव गेला की जुना अवयवी संपला, उरलेल्यांतून नवा जन्मला. म्हणजे कुजलेला वीतभर भाग बदलणारा माणूस नकळत एक बोट मारतो आणि दुसरी जन्माला घालतो. काम पाहिले तर असे वाटत नाही. कुजलेला भाग कापला की उरलेल्या तावाची कड जाडीच्या आठपट लांब अशी तिरकी तासतात, नव्या तुकड्याचीही तशीच, आणि दोन्ही उतार एकमेकांवर बसवून चिकटवतात. एवढा लांब उतार यासाठी की ताण जुन्यातून नव्यात न अडखळता जावा. नवा तुकडा बोटीत येतो तो उरलेल्या बोटीने त्याला आपल्या भारात वाटेकरी करून घेतल्यामुळे. तेवढ्या काळात बोट संपलेली नसते, उलट तीच त्याला धरून असते. असे करत वर्षानुवर्षांनी सगळे लाकूड बदलले गेले तरी ती तीच बोट, असे मी म्हणेन. पुढे इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जने घातलेला पेच असा की काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणी साठवून पुन्हा जोडल्या तर खरे जहाज कोणते? त्या फळ्यांचे जहाज नव्याने भार पेलायला लागेल, म्हणून ते नवे जहाज. आपल्या बोटीच्या बाबतीत तर हा पेच उभाही राहत नाही. नैयायिकांचे सोबती असलेल्या वैशेषिकांनी लाखेविषयी म्हटले आहे की अग्नीने ती पाण्यासारखी पातळ होते. तापवून चिकटवलेले तापवून सोडवता येते. इपॉक्सी एकदा कडक झाले की पुन्हा वितळत नाही. करवतीने कापून काढलेल्या तुकड्यात कुजके लाकूड, काच आणि रेझिन इतके मिसळलेले असते की त्यातून फळी वेगळी करून कोणत्याही जहाजाला लावता येत नाही.